झुपकेदार कुत्र्यांची सोडत: एका छोट्या मोबाइल गेमच्या कामाच्या नोंदी, सांगली

14 जून 2025
काम ठरलं. पेटी उघडायची, आतून एक छोटं केसाळ कुत्रं निघतं, कुठलं ते सोडतीवर. जपानी गाचा गेम असतात तोच प्रकार, फक्त पैसे कुठेच नाहीत. हिरे विकणं नाही, जाहिरात नाही. फर्माईश भाचीची. तिला घरात कुत्रं हवंय, ताई ठेवू देत नाही, म्हणून मामानं फोनमध्ये आणून द्यायचं.

माझा धंदा फ्लेक्स डिझाइनचा, दुकान विश्रामबागला. वाढदिवसाच्या बोर्डांवर भाऊंच्या फोटोतले केस कापून काढायची सवय आहे, तेव्हा कुत्र्याचे केसही जमतील असा हिशोब. प्रोग्रामिंग व्हिडिओ बघून शिकलोय तेवढंच.

सामान: गेम बनवायला गोडो 4 आणि चित्रं काढायला क्रिटा, दोन्ही सॉफ्टवेअर फुकट. जुना पेन टॅबलेट 2,800 रुपये. कॉम्प्युटर दुकानातला.

करणाऱ्यांसाठी पहिली सूचना: मराठीत गेम करायचा असेल तर गोडो 3 च्या वाटेला जाऊ नका. मला धडे त्याचे सापडले म्हणून त्यातच सुरुवात केली होती. त्यात देवनागरीची जोडाक्षरं जुळत नाहीत. माल्टीजमधला ल् पाय मोडलेला दिसायचा आणि बिशॉनची वेलांटी ब सोडून श वर जाऊन बसायची. गोडो 4 मध्ये हे नीट होतं, फक्त मुक्तासारखा देवनागरी फॉन्ट प्रोजेक्टमध्येच टाकायचा. फोनमधल्या फॉन्टवर विसंबलं की कुठेतरी अक्षरांऐवजी चौकोन दिसणारच.

22 जून
अकरा जाती काढल्या: पॉमेरेनियन, शिह त्झू, ल्हासा अप्सो, माल्टीज, बिशॉन फ्रीझ, पेकिनीज, पापिलॉन, जपानी स्पिट्झ, हवानीज, कोतों द त्युलिआर, टॉय पूडल. सगळी चित्रं एका पानावर मांडली आणि भाचीला दाखवली. ती म्हणाली, "मामा, हे सगळं एकच कुत्रं आहे."

खरंच तसं दिसत होतं. केस मन लावून काढले होते, पण फोनवर चित्र अंगठ्याएवढं होतं आणि तिथे केस दिसत नाहीत. पांढरा गोळा, त्यात तीन काळे ठिपके. दोन डोळे, एक नाक.

उपाय म्हणून प्रत्येक चित्र पूर्ण काळं केलं. नुसती सावली बघून जात ओळखता आली तर पास, नाही तर फाडून परत. या चाचणीत पहिल्या फेरीला फक्त पापिलॉन टिकला, कारण त्याचे फुलपाखरासारखे कान. बाकीच्यांना काय फरक दिला ते लिहून ठेवतो, कुणाला तरी उपयोग होईल:

पॉमेरेनियनला कोल्ह्यासारखं टोकदार तोंड, बारके उभे कान आणि पाठीवर पसरलेली शेपटी. पेकिनीज बसका, तोंड रुंद आणि चपटं, मानेभोवती आयाळ, पुढचे पाय बाकदार. शिह त्झू आणि ल्हासा यांनी सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. शेवटी फरक नाकात सापडला. शिह त्झूचं तोंड चपटं असतं आणि नाकाच्या वरचे केस वर उगवून चेहऱ्याभोवती फुलासारखे पसरतात. ल्हासाचं नाक पुढे येतं आणि केस डोळ्यांवर सरळ पडतात. म्हणून शिह त्झू समोरून काढला आणि ल्हासा बाजूनं. एकाच कोनातून सगळी कुत्री काढायचा हट्ट सोडला तेव्हा काम पुढे सरकलं.

माल्टीज, बिशॉन, हवानीज, कोतों ही एकाच घराण्यातली, त्यामुळे त्यांच्यात झगडा आहेच. माल्टीजचे केस सरळ, रेशमी, जमिनीपर्यंत. बिशॉन कुरळा, डोकं वाटोळं. हवानीज मी तपकिरी केला, त्यात अनेक रंग असतात. कोतों मादागास्करचा, केस कापसासारखे, तो अजून धड जमलेला नाही.

पॉमेरेनियन आणि जपानी स्पिट्झ यांच्यात मोठा फरक आकाराचा, पण पेटीतून एकेकटं कुत्रं निघाल्यावर आकार कळणार कसा? प्रत्येकाशेजारी एकाच मापाची स्टीलची वाटी ठेवली. पॉम वाटीच्या थोडा वर, स्पिट्झसमोर वाटी एवढीशी. प्रश्न मिटला.

6 जुलै
एकादशी, दुकान बंद, दिवसभर सोडत लिहिली. गाभा अगदी लहान आहे. शून्य ते शंभरमधला एक आकडा काढायचा, प्रत्येक जातीला वजन द्यायचं (म्हणजे शंभरात किती वेळा यावी तो आकडा), वजनं ओळीनं मिळवत जायचं, बेरीज आकड्याच्या पुढे गेली की ती जात.

वजनं मोठ्या गेमसारखी ठेवली. साधी जात, दुर्मिळ जात, अतिदुर्मिळ जात. अतिदुर्मिळ म्हणून एक मर्ल रंगाचा पॉमेरेनियन, 1 टक्का. मर्ल म्हणजे निळसर-करड्या अंगावर गडद डाग. दिसायला जबरदस्त, चित्रही सगळ्यात चांगलं जमलं होतं.

हातानं पेट्या उघडून तपासत बसू नका. कॉम्प्युटरला एक लाख सोडती काढायला लावल्या, काही सेकंदांचं काम. त्यात पेकिनीज ठरवल्यापेक्षा बराच जास्त निघाला. वजनांची बेरीज 100 न होता 97 होत होती आणि उरलेले 3 टक्के यादीत शेवटी असलेल्याला जात होते, म्हणजे पेकिनीजला. आता गेम सुरू होतानाच बेरीज तपासतो आणि 100 नसेल तर लाल अक्षरात ओरडतो.

13 जुलै
फोनवर चढवायचा दिवस. माझ्या फोनवर चालला. ताईच्या जुन्या फोनवर इन्स्टॉलच होईना, भावजींच्या फोनवर इन्स्टॉल झाला पण पडदा काळा.

दोन वेगवेगळे रोग निघाले. ताईचा फोन 32 बिटचा, आणि एक्स्पोर्ट करताना मी फक्त 64 बिटच्या खान्यात टिक केली होती. दोन्हीवर टिक करा, फाइल जाड होते पण घरातले जुने फोन चालतात. भावजींच्या फोनला वल्कन (पडद्यावर चित्र उमटवायची नवी पद्धत) झेपत नव्हतं. प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये रेंडरर मोबाइलवरून कम्पॅटिबिलिटीवर आणला, पडदा उजळला. सपाट चित्रांच्या गेमला तेवढं पुरतं.

20 जुलै
भाची आणि तिची मैत्रीण शेजारी बसून खेळल्या. दोघींना पहिला ल्हासा. दोघींना दुसरा माल्टीज. तिसऱ्यालाही तेच आल्यावर मैत्रीण म्हणाली, "काका, हे ठरलेलं आहे."

ठरलेलंच होतं. चाचणीसाठी सोडतीचं बी, म्हणजे ज्यावरून सोडतीचे आकडे निघतात तो पहिला आकडा, पक्कं करून ठेवलं होतं, म्हणजे दर वेळी तीच कुत्री त्याच क्रमानं यावीत आणि चूक पकडता यावी. ती ओळ काढायची राहून गेली. गोडो 4 स्वतःहून दर वेळी नवीन बी घेतं, आपण हात लावला नाही तर. चाचणीच्या ओळी आता वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो, ती फोनवर जातच नाही.

27 जुलै
शेवटच्या कुत्र्याचं दुखणं.

बहुतेक जाती पटापट जमतात आणि मग एकच राहते, ती काही येत नाही. भाचीला कोतों मिळेना. गणित केलं तर यात नवल नाही. सगळ्या अकरा जातींना सारखी संधी दिली तरी पूर्ण संच जमायला सरासरी 33 सोडती लागतात, आणि त्यातल्या 11 एकट्या शेवटच्या जातीसाठी. माझी वजनं सारखीही नव्हती, म्हणजे हाल आणखी वाईट. संच पूर्ण केला की खास बक्षीस, अशीही माझी योजना होती. पैसे घेऊन नेमका असाच प्रकार जपानमधल्या गेममध्ये चालायचा, त्याला कोम्पु गाचा म्हणत. 2012 मध्ये तिथल्या ग्राहक संस्थेनं तो बेकायदेशीर ठरवला. माझ्याकडे पैसे नाहीत, पण पोरांचा वेळ जातोच की.

भाचा गेनशिन इम्पॅक्ट खेळतो. त्यानं सांगितलं, तिथे हमी असते. पाच ताऱ्यांचं, म्हणजे सगळ्यात भारी बक्षीस निघायचा दर 0.6 टक्के आणि 90व्या सोडतीला नक्की. कागदावर मांडलं: ही हमी नसती तर 90 सोडतींनंतरही शंभरातले 58 जण कोरडे राहिले असते. म्हणजे हमी ही मेहरबानी नाही, तिच्याशिवाय गेम कुणी खेळलाच नसता.

आधी सोपा उपाय केला: पिशवीत प्रत्येक जातीची एक चिठ्ठी, काढलेली परत टाकायची नाही. संच बरोबर अकरा सोडतींत पूर्ण. पण शेवटच्या दोन-तीन पेट्या उघडायच्या आधीच पोरं सांगायला लागली, "आता पेकिनीज येणार." मजाच गेली. मग प्रत्येक जातीच्या दोन चिठ्ठ्या टाकल्या. आता एखादी जात दोनदा येते, शेवटी काय राहिलंय याचा अंदाज चुकतो, आणि वाईटात वाईट नशीब असलं तरी 21व्या सोडतीला संच पूर्ण होतो, कारण शेवटच्या जातीच्या दोन्ही चिठ्ठ्या तळाला राहिल्या तरी त्यातली पहिली 21वी. वजनांचं सगळं लिखाण काढून टाकलं. 6 जुलैचं काम बहुतेक कचऱ्यात.

मर्ल पॉम मात्र पिशवीबाहेर तसाच ठेवला, 1 टक्का.

3 ऑगस्ट
आणि तोच अंगाशी आला. ताईचा फोन: "अरे, ही निळ्या डागांचं पॉमेरेनियन मागतेय. मिरजेत कुणाकडे तरी किंमतसुद्धा विचारून आली. काय दाखवलंस तिला?"

मिरजेतल्या एका जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. फ्लेक्सचे जुने गिऱ्हाईक आहेत. त्यांनी गेम हातात घेतला, पेट्या उघडल्या, हसले. मर्ल निघाल्यावर हसू गेलं. म्हणाले, "हा सगळ्यात भारी का ठेवलात?"

दुर्मिळ आहे म्हणून, मी म्हटलं.

"दुर्मिळ आहे म्हणून लोक मर्लला मर्ल लावतात," ते म्हणाले. दोन्ही पालक मर्ल असले की सरासरी चारातल्या एका पिल्लात तो गुण दोन्हीकडून येतो, आणि अशी पिल्लं बहिरी किंवा डोळ्यांनी अधू निघण्याचा धोका मोठा. वर टीकपचं खूळ. टीकप अशी जातच नाही. बारक्यातलं बारकं पिल्लू निवडून जास्त किमतीला विकायचं, बस. माझ्या यादीत पुढच्या फेरीसाठी "टीकप पॉम, अर्धा टक्का" असं लिहिलेलं होतं. तो कागद खिशातच ठेवला.

दुकानात येऊन बराच वेळ बसलो. सोडतीच्या गेममध्ये जे कमी येतं तेच हवंसं होतं, मग ते काहीही असो. आठ-नऊ वर्षांच्या पोरीला मर्ल म्हणजे काय हे दोन महिन्यांपूर्वी माहीत नव्हतं. हाव मी 1 टक्का टाइप करून तयार केली.

तर मर्ल काढला. जातींमध्ये लहान-मोठं काहीच नाही, सगळ्या पिशवीत सारख्या. पण दुर्मिळ काहीच नसेल तर संच झाल्यावर पेटी उघडायचं कारण उरत नाही, हेही खरं. मग दुर्मिळपणा जातीवरून उचलून प्रसंगावर टाकला. तेच कुत्रं, पण आंघोळीनंतरचं, भिजून अर्ध्या आकाराचं. तेच कुत्रं, उलटं झोपलेलं, चारी पाय वर. आणि खास सांगलीचा म्हणून मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांवर लोळून आलेला पांढरा माल्टीज, डोळे-नाक सोडून सगळा पिवळा. खास प्रसंगाला 5 टक्के, आणि सलग 29 वेळा नाही आला तर 30व्याला हमी. हिशोबानं शंभरातले साधारण 23 जण हमीपर्यंत पोचतील, बाकीच्यांना आधीच मिळेल. हळदीचा माल्टीज आल्यावर भाची जेवढी ओरडली तेवढी मर्लला ओरडली नव्हती. आणि उद्या घरात कुत्रं आलंच तर त्याला हळदीत लोळवायला खर्च नाही, ताईची चिडचिड सोडली तर.

डॉक्टरांनी आणखी दोन बदल सुचवले. माझ्याकडे "उन्हाळी कट" म्हणून बटण होतं, दाबलं की कुत्र्याचे सगळे केस साफ. पॉम आणि स्पिट्झला दुहेरी केस असतात, आत मऊ थर आणि वर राठ. मुळापासून भादरले तर परत नीट न येण्याची भीती असते. आता त्यांच्यासाठी बटण कंगव्याचं, कात्री फक्त माल्टीज, शिह त्झू, पूडल अशांना. आणि पॉमच्या चित्रात गळ्यातला पट्टा पुसून त्याजागी छातीचा पट्टा दाखवला, कारण या जातीत श्वासनलिका दबायचा त्रास असतो. चित्रं बदलायला दोन संध्याकाळी गेल्या.

9 ऑगस्ट
राखी. ताई, भावजी, दोन्ही पोरं घरी. भाच्यानं दहा मिनिटांत गेम फोडला.

पेटी हलायला लागली की कुत्रं दिसायच्या आधी केसांचा झुपका डोकावतो. झुपका नको त्या रंगाचा दिसला की हा गडी गेमच बंद करायचा आणि परत उघडायचा. निकाल मी पेटी पूर्ण उघडल्यावर जतन करत होतो, त्यामुळे मधेच बंद केलं की सोडत झालीच नाही असं धरलं जायचं. आता बोट लागताक्षणी निकाल फाइलमध्ये, हालचाल मागाहून.

दुसरी युक्ती फोनची तारीख पुढे करायची. रोज तीन पेट्या असा नियम होता, तर यानं डिसेंबरपर्यंतच्या पेट्या दुपारीच उघडल्या. घड्याळ मागे गेलं तर पकडता येतं, पण पुढे नेलं तर सर्व्हरशिवाय पकडणं अवघड, आणि सर्व्हर मला नकोय. रोजचा नियमच काढला. कुत्र्याला विंचरलं, पाणी ठेवलं, सकाळी किंवा संध्याकाळी फिरवलं की एक पेटी. पेकिनीज आणि शिह त्झूला दुपारी फिरवायला गेलं तर धापा टाकत सावलीत बसतात, पेटी मिळत नाही. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना ऊन खरंच सोसत नाही.

17 ऑगस्ट
शेजारच्या काकूंनी पॉमेरेनियनचं चित्र नाकारलं. "हे कुठलं पामेरियन? पामेरियन आमच्या स्वीटीसारखं असतं." स्वीटी पांढरीशुभ्र, उंच, लांब तोंडाची. ती इंडियन स्पिट्झ आहे. आपल्याकडे घरोघरी पामेरियन म्हणून जी पाळली जायची ती बहुतेक हीच. खरा पॉम 1.4 ते 3.2 किलोचा. काकूंना वजन सांगितलं तर म्हणाल्या, स्वीटीचं डोकंच तेवढं असेल.

जिनं या गल्लीत उभं आयुष्य काढलं ती यादीतच नव्हती. बारावी जात इंडियन स्पिट्झ, चित्र स्वीटीला समोर बसवून काढलं. ती बसत नाही. बिस्किटं गेली. पिशवीत आता 24 चिठ्ठ्या, वाईटात वाईट 23वी सोडत.

23 ऑगस्ट
ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्याला काल राष्ट्रपतींची सही झाली. सकाळपासून तीन जणांनी विचारलं, तुझं कुत्र्याचं बंद होणार काय? नाही. बंदी पैसे लावून पैसे जिंकायच्या गेमवर आहे. इथे एक रुपया आत जात नाही, बाहेर येत नाही.

7 सप्टेंबर
काल विसर्जन झालं. गणपतीत फ्लेक्सच्या कामानं श्वास घेऊ दिला नाही, पण गेम अडकला तो दुसऱ्याच कारणानं.

प्ले स्टोअरचं खातं काढलं, 25 डॉलर एकदाच, म्हणजे 2,200 रुपयांच्या आसपास. आधी डेबिट कार्ड चालेना, बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार बंद होते. स्टोअरला एपीके (फोनवर थेट चढते ती फाइल) चालत नाही, एएबी (स्टोअरसाठीची फाइल) लागते, आणि गोडोमधून ती काढायला ग्रेडल आणि जावा 17 ही आणखी दोन सॉफ्टवेअर बसवावी लागतात. जावाची भलतीच आवृत्ती आधीपासून होती म्हणून एक अख्खा रविवार गेला.

खरी अडचण पुढे. नव्या वैयक्तिक खात्याला आधी 12 जणांकडून सलग 14 दिवस बंद चाचणी (फक्त निवडलेल्या लोकांपुरती) करून घ्यावी लागते. ऐन गणपतीच्या तोंडावर मी बारा जण मोजून घेतले. एकानं फोन बदलला, एक चाचणीतून बाहेर पडला, बारा राहिले नाहीत आणि दिवस परत पहिल्यापासून. बारा लागत असतील तर अठरा-वीस धरा, आणि सण बघून तारीख निवडा. आता दुकानाची पोरं, डॉक्टर, काकूंचा मुलगा, भावजींच्या ऑफिसातले दोघे असे धरलेत.

28 सप्टेंबर
गेम स्टोअरवर आला. गेमवर आपली डिजिटल सही करायची किल्ली असते ती फाइल दोन पेन ड्राइव्हवर ठेवली, एक दुकानात, एक ताईकडे. दुकान पुराच्या पट्ट्यात नाही, तरी 2019 पाहिलेला माणूस एकाच ठिकाणी काही ठेवत नाही.

खर्च: टॅबलेट 2,800, स्टोअर 2,200, स्वीटीची बिस्किटं 60.

12 ऑक्टोबर
जतहून एकाचा निरोप: "बारा परदेशी केसाळ कुत्री घेतली, आमचं कारवान कुठंय?" कारवान म्हणजे या भागातलं शिकारी कुत्रं. केस नाहीत म्हणून नाही, असं कळवलं. त्यांचं उत्तर आलं की पश्मीच्या, म्हणजे कारवानच्याच एका प्रकाराच्या, कानाला आणि शेपटीला केस असतात, बघून घ्या. बरोबर आहे. पण या पेटीत ते बसणार नाही, वाटीच्या शेजारी उभं केलं तर वाटी दिसणार नाही. शिकारी कुत्र्यांची वेगळी पिशवी काढायला घेतलीय. कारवान आणि मुधोळ काळे करून शेजारी ठेवले, सावलीत दोन्ही एकच दिसतायत, आणि या भागात ही दोन एकच की वेगळी यावर पैजा लागतात. कोतोंचं चित्रही अजून बाकी आहे.